एमजीबीला नवा डिस्ट्रिब्युटर: पोवई नाक्यावर कळत नाही, पसरणीच्या घाटात कळतो

वस्तू: '१२३ इग्निशन' या डच कंपनीचा इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटर (इंजिनच्या सिलिंडरांना पाळीपाळीने, ठरल्या वेळी ठिणगी पोचवणारा भाग), चार सिलिंडरच्या ब्रिटिश इंजिनांसाठीचा, व्हॅक्यूमची नळी जोडता येणारा. गाडी: १९६५ ची एमजीबी, उघड्या टपाची. बसवला कुठे: साताऱ्यात, गोडोलीतल्या एका गॅरेजात. खर्च: डिस्ट्रिब्युटर, कुरिअर, सीमाशुल्क, ठिणगीचा करंट नेणाऱ्या नव्या एचटी वायरी आणि मजुरी धरून पन्नास हजारांच्या घरात. एवढ्या पैशांत बरी सेकंडहँड स्कूटर आली असती, हे मला घरी ऐकवून झालेलं आहे, तेव्हा पुन्हा कोणी सांगू नये.

निकाल आधीच सांगते. वस्तू चांगली आहे आणि माझे पैसे वसूल झाले. पण ज्या कारणासाठी बहुतेक लोक ती घेतात, त्या कारणासाठी घेऊ नका. जुन्या गाडीवाल्यांच्या गप्पांत कोणाची गाडी जरा मिसिंग मारायला लागली, की तिसऱ्या वाक्याला 'इलेक्ट्रॉनिक करून टाका, पॉइंटची कटकटच संपते' हा सल्ला येतो. पॉइंट म्हणजे जुन्या डिस्ट्रिब्युटरमधला छोटा स्विच, तो उघडला की ठिणगी पडते. त्याची कटकट ती काय? फीलर गेज घालून ०.३५ ते ०.४० मिलिमीटरचं अंतर धरायचं, कॅमवर ग्रीसचं बोट फिरवायचं, स्क्रू आवळायचा. चहा गार व्हायच्या आत होणारं काम आहे. ज्या साताऱ्यात प्रिया स्कूटर बनत होत्या, तिथे एका पिढीने पॉलिश पेपरची पट्टी खिशात घेऊन संसार केले. पॉइंटसाठी पन्नास हजार घालवणं म्हणजे चैन. माझ्या गाडीचं दुखणं वेगळं होतं.

गाडी मामांची. पाचगणीतल्या एका पारशी बंगल्यातून त्यांनी ती घेतली आणि शेवटपर्यंत वापरली; नंतर ती माझ्याकडे आली, कारण मामेभावांना तिच्यात बसताना गुडघे दुमडायला लागतात. एमजीबी हे मॉडेल इंग्लंडात ॲबिंग्डनला १९६२ पासून १९८० पर्यंत बनलं. आमचं इंजिन १७९८ सीसीचं, पाच बेअरिंगच्या क्रँकचं, दोन एसयू कार्बोरेटर लावलेलं. 'हिला साताऱ्यात मिस्त्री कुठला मिळणार' असं नव्या ओळखीचे लोक काळजीने विचारतात. मिळतो. आपल्या जुन्या अँबॅसिडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन आणि हे इंजिन एकाच खानदानातलं, बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सीरीज. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, तीच, १-३-४-२. माझ्या मिस्त्रींची उभी हयात अँबॅसिडर टॅक्सींत गेली. एमजीबीचं बॉनेट त्यांनी पहिल्यांदा उघडलं तेव्हा ते नुसते हसले आणि म्हणाले, "बाई, ही तर आमचीच. नुसती कापडं येगळी घातल्यात." (त्यांचा मुलगा माझ्या वर्गात होता, म्हणून बाई. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते.)

आता दुखणं. गाडी साताऱ्यात नीट चालायची. महामार्गावर पाचवडपर्यंत तक्रार नाही. वाई ओलांडून पसरणीचा घाट लागला, तिसऱ्या गिअरवर वळणातून बाहेर पडताना पाय दाबला, की इंजिन ठोकायला लागायचं. डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज. टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, थोडं मागे (उशिरा) घेतलं की ठोकणं बंद, पण मग गाडीत जीव राहायचा नाही. दुसऱ्या गिअरवर रेकत चढायची आणि घाटमाथ्यावरच्या हॅरिसन फॉलीला पोचेपर्यंत तापमानाचा काटा वर. पुढे घेतलं की ठोकते, मागे घेतलं की मरते. मधली जागाच सापडेना.

पेट्रोलला शिव्या घालून पाहिल्या. आता पंपावर मिळतं ते ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल. आपल्याच कारखान्यांच्या उसातून निघून आपल्याच टाकीत येतं. पण ठोकण्याचा दोष इथेनॉलवर घालता येत नाही. त्याचा ऑक्टेन, म्हणजे न ठोकता जळण्याची ताकद, १०८ च्या आसपास, म्हणजे ठोकणं झालं तर कमीच व्हायला हवं. त्याचा त्रास दुसरीकडे आहे: पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट पुरते, त्यामुळे जुन्या कार्बोरेटरवर मिश्रण पातळ पडतं. त्यासाठी मिस्त्रींनी दोन्ही एसयूंचे जेट खाली घेऊन मिश्रण दाट केलं आणि पेट्रोलच्या रबरी नळ्या बदलल्या. गाडीचं गरम होणं कमी झालं. ठोकणं राहिलंच.

मग त्यांनी टायमिंग लाइट, म्हणजे ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा, लावला. एमजीबीच्या या जुन्या इंजिनांत टायमिंगच्या खुणा क्रँक पुलीच्या खालच्या बाजूला आहेत. तेव्हा मिस्त्री पोत्यावर आडवे, मी वरून ॲक्सिलरेटर धरून. चांगल्या गाडीत लाइटच्या उजेडात पुलीवरची खाच एका जागी थिजलेली दिसते. आमची थिजेना. थरथरत होती, आणि मध्येच चांगली चार-पाच अंश उडी मारत होती. खालून आवाज आला, "बाई, करंट बराबर हाय. येळ बराबर न्हाई."

कॅप काढली, रोटर काढला. मिस्त्रींनी डिस्ट्रिब्युटरच्या दांड्याचं टोक चिमटीत धरून आडवं हलवलं आणि माझा हात तिथे नेला. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, बोटांना मात्र स्पष्ट टकटक लागत होती. दांड्याला आधार देणारं बुश गेलं होतं. साठ वर्षांच्या फिरण्याने दांड्याभोवती जागा झाली होती, आणि दांडा डुलला की पॉइंट कधी लवकर उघडणार, कधी उशिरा.

पुढचं गणित समजलं तेव्हा कोडं सुटलं. चार सिलिंडरांना चार वेगवेगळ्या वेळी ठिणगी मिळत होती. त्यातल्या एकाला सगळ्यात लवकर मिळायची, आणि घाटात ठोकत होतं ते तेवढंच एक. त्याला गप्प करायला मी टायमिंग मागे घेतलं की बाकीचे तीन उपाशी. मधली जागा सापडत नव्हती, कारण एक टायमिंग असं नव्हतंच.

तिथेच न थांबता आम्ही पूर्ण उघडून पाहिला. मूळचा डिस्ट्रिब्युटर लुकासचा, २५डी४. बेसप्लेटखाली दोन वजनं असतात, ती वेगाबरोबर बाहेर फेकली जातात आणि ठिणगी पुढे ढकलतात. त्यांना दोन स्प्रिंगा आवरून धरतात, एक नाजूक, एक जाड. या दोन स्प्रिंगांचं नातं म्हणजेच गाडीचा ॲडव्हान्सचा आलेख, कोणत्या वेगाला ठिणगी किती पुढे याचा. आमच्याकडे दोन्ही स्प्रिंगा सारख्याच निघाल्या. केव्हातरी कोणीतरी, हाताला लागली ती बसवून मोकळा झाला होता. हलक्या पायाने चालवताना ठिणगी आणखी पुढे नेते ती व्हॅक्यूमची डबी. तिची परीक्षा घरगुती आहे: नळी तोंडात धरून हवा ओढायची आणि जिभेने बंद करायची. डबी शाबूत असेल तर जीभ नळीला चिकटून राहते. माझी चिकटली नाही. पडदा फाटलेला.

म्हणजे दांडा सैल, स्प्रिंगा चुकीच्या, व्हॅक्यूम बंद. या तिन्हींपैकी एकाही गोष्टीचा पॉइंटशी संबंध नाही.

इथे तीन रस्ते होते. पहिला मिस्त्रींचा: कोल्हापूरला उद्यमनगरात द्यायचा, लेथवर नवीन ब्राँझचं बुश बसवून घ्यायचं. हजारांत होणारं काम, आणि बुश ते लोक झकास बसवतात. पण स्प्रिंगा? त्या योग्य आहेत का हे पाहायला डिस्ट्रिब्युटर फिरवून प्रत्येक वेगाला किती अंश पुढे जातो हे मोजणारं जुनं टेस्टिंग मशीन लागतं. ते शोधत हिंडण्यात माझी दिवाळीची सुट्टी गेली असती.

दुसरा रस्ता स्वस्त इलेक्ट्रॉनिक किटचा. जुन्या डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट काढायचे, त्या जागी एक छोटा सेन्सर बसवायचा, दांड्यावर चुंबकांची कडी चढवायची. तत्त्व उत्तम आहे. एडविन हॉलने १८७९ साली शोधलेला परिणाम: चुंबक जवळून गेला की सेन्सरमध्ये व्होल्टेज उमटतं आणि त्यावर ठिणगीचं व्होल्टेज तयार करणारी कॉइल बंद-चालू होते. घासणारं काही नाही, झिजणारं काही नाही. सैल बुशाचा त्रासही पॉइंटइतका होत नाही. पण वजनं तीच, स्प्रिंगा त्याच, फाटकी डबी तीच. ठिणगी कडक मिळेल, चुकीच्या वेळी मिळेल. ज्यांचा डिस्ट्रिब्युटर अंगाने धडधाकट आहे त्यांनी हे किट जरूर घ्यावं. बाकीच्यांनी आधी दांडा हलवून पाहावा, मग पाकीट काढावं.

तिसरा रस्ता मी घेतला. या नव्या डिस्ट्रिब्युटरमध्ये वजनं नाहीत, स्प्रिंगा नाहीत. इंजिनचा वेग सेन्सर मोजतो, व्हॅक्यूम दुसरा सेन्सर मोजतो, आणि किती अंश पुढे जायचं ते आतली चिप ठरवते. बॉडीवरचा एक स्क्रू काढला की आत खसखशीएवढ्या आकड्यांचा एक फिरता स्विच दिसतो, ० ते ९ आणि पुढे ए ते एफ, असे सोळा आलेख. बारीक स्क्रूड्रायव्हरने बाण आपल्या आलेखावर आणायचा. यूएसबी किंवा ब्लूटूथवर आपला स्वतःचा आलेख भरता येणारं महाग मॉडेलही त्यांच्याकडे आहे. मी ते घेतलं नाही. मोबाइलवरून टायमिंग बदलता यायला लागलं असतं, तर मी गाडी चालवली नसती, नुसतं टायमिंग बदलत बसले असते. स्वभाव माहीत आहे.

बसवण्याआधी जे काम निघालं ते मात्र बसवण्यापेक्षा मोठं होतं, आणि ज्यांची गाडी १९६७ च्या आधीची एमजीबी आहे त्यांनी हा भाग नीट वाचावा. या गाड्या पॉझिटिव्ह अर्थ आहेत. म्हणजे बॅटरीचा प्लस बॉडीला. मी घेतलेल्या मॉडेलला निगेटिव्ह अर्थ लागतो, आणि उलटं जोडलं तर पन्नास हजारांचा धूर. तेव्हा अख्खी गाडी उलटी करणं आलं.

ऐकायला वाटतं तेवढं भयंकर नाही. दिवे, हॉर्न, पेट्रोलचा पंप यांना प्लस-मायनसशी घेणं नसतं. बॅटरी फिरवायची; पण बॅटरीच्या दोन खुंट्या सारख्या जाडीच्या नसतात, प्लस जाड असते, त्यामुळे टर्मिनलचे क्लॅम्पही बदलावे लागतात. सीटमागच्या त्या खबदाडात हात घालून हे करणं हा या कामातला सर्वांत शिवराळ भाग. कॉइलच्या दोन वायरींची अदलाबदल करायची. मग डायनॅमो. जुन्या लुकास डायनॅमोच्या लोखंडात आधीची दिशा मुरलेली असते, ती उलटवावी लागते. त्याच्या वायरी सोडवून बॅटरीच्या प्लसची वायर फील्डच्या टर्मिनलला क्षणभर टेकवायची. चट्‌ आवाज, एक ठिणगी, झालं. मिस्त्री याला 'डायनॅमोला नवीन सवय लावणं' म्हणतात, आणि भौतिकशास्त्राच्या दृष्टीने यात खोडण्यासारखं काही नाही.

राहिला आरपीएमचा काटा. तो मी घरी जेवणाच्या टेबलावर उघडला. स्मिथ्सच्या या जुन्या मीटरची गंमत अशी, की कॉइलकडे जाणारी पांढरी वायर त्याच्या पाठीमागे एका छोट्या लोखंडी गाभ्याला वेढा घालून जाते. वायरला कुठेही न तोडता, तिच्यातून जाणारे करंटचे ठोके हा मीटर मोजतो. अर्थ बदलला की आतल्या दोन जोडण्या उलटवायच्या आणि बाहेरचा वेढाही उलट दिशेने घालायचा. एवढं करूनही नवीन इग्निशनवर काटा नाचू शकतो, कारण करंटच्या ठोक्यांचा आकारच बदललेला असतो. आमचा थोडा नाचला, वेढ्याची घडी नीट बसवल्यावर शांत झाला. टायमिंग लाइटवरच्या आकड्याशी ताडून पाहिला, बरोबर निघाला.

प्रत्यक्ष बसवणं सोपं आणि, खरं सांगते, सुंदर. पहिलं सिलिंडर कॉम्प्रेशनवर आणायचं, पुली टीडीसीच्या (पिस्टन अगदी वर पोचतो ती जागा) आधी १० अंशांवर, म्हणजे आमच्या इंजिनचं स्टॅटिक टायमिंग. जुना उचलायचा, नवा सोडायचा. खालच्या दात्याची खाच मध्यापासून एका बाजूला सरकवलेली असते, त्यामुळे तो चुकीचा बसूच शकत नाही. लाल वायर कॉइलच्या प्लसला, काळी मायनसला. मग रोटर काढायचा, चावी चालू करायची, दांड्यातली ढिलाई निघून जावी म्हणून तो फिरण्याच्या उलट दिशेने बोटाने किंचित दाबून धरायचा आणि बॉडी हळूहळू फिरवायची. ॲल्युमिनियमच्या चकतीला भोकं आहेत. त्यातल्या एकातून अचानक हिरवा दिवा दिसतो. तिथेच थांबायचं, क्लॅम्प आवळायचा.

संध्याकाळ झाली होती, गॅरेजातला बल्ब मिस्त्रींनी मुद्दाम बंद केला. आम्ही दोघं बॉनेटमध्ये वाकलेलो. त्यांनी बॉडी अर्धा केस फिरवली, दिवा लागला, अर्धा केस मागे, गेला, पुन्हा लागला. असं त्यांनी विनाकारण बराच वेळ केलं.

पहिल्या फटक्याला गाडी सुरू झाली, पण ती पॉइंटवरही पहिल्या फटक्याला सुरू व्हायची, तेव्हा त्याचं कौतुक नको. कौतुक टायमिंग लाइटचं. खाच एका जागी थांबली होती, कोरून ठेवल्यासारखी. वेग वाढवला तशी एका रेषेत पुढे सरकली, सोडला तशी मागे आली. उड्या बंद.

रस्त्यावर काय फरक पडला? साताऱ्यात काहीही नाही. पोवई नाक्यावरच्या गर्दीत आयडलिंग जरा एकसारखं लागतं, एवढंच. शेजारच्याला बसवून राजवाड्यापर्यंत चक्कर मारलीत, तर तो विचारेल की पैसे कुठे गेले. महामार्गावरही सरळ चालीत फार काही जाणवत नाही. ॲव्हरेजच्या आशेने तर अजिबात घेऊ नका. व्हॅक्यूम पुन्हा चालू झाल्याने हलक्या पायाला थोडा फायदा होत असणार, पण त्यातून पन्नास हजार वसूल व्हायला मला आणखी एक जन्म लागेल.

घाटात मात्र दुसरी गाडी आहे. पसरणीच्या ज्या वळणांना मी आधी दुसरा टाकत होते, तिथे ती आता तिसऱ्यावर निघते. पाय दाबला की आवाज फक्त सायलेन्सरचा. खालच्या वेगातून ओढताना जे अडखळणं होतं, ते गेलं. एकदा यवतेश्वरमार्गे कासकडे जाताना मुद्दाम पुढच्या एसटीमागे रेंगाळले आणि मग सोडली. मामा असते तर त्यांनी टोपी उडवली असती.

आलेखाबद्दल एक सूचना. पुस्तकातला तक्ता मूळ इंजिन आणि त्या काळचं पेट्रोल धरून आहे. एमजीबीच्या या हाय कॉम्प्रेशन इंजिनाला तेव्हा ९८ ऑक्टेनचं पेट्रोल सांगितलेलं होतं. मी आधी तक्त्यात आपल्या इंजिनासमोर दिलेला आलेख लावला, घाट चढून पाहिला, मग त्याच्याहून जरा हळू चढणारा लावून पुन्हा पाहिला. तुम्हीही तसंच करा. दुसऱ्याच्या गाडीचा आकडा विचारू नका, म्हणून मी माझा लिहीत नाही. स्विच लहान आहे, डोळ्यांना चष्मा असेल तर बसवण्याआधी टेबलावर नीट उजेडात पाहून घ्या.

आता उणं. पहिलं: जुन्या २५डी४ ला बाजूला एक छोटं खाचेदार चाक होतं, हाताने फिरवायचं. अकरा टिकटिक म्हणजे एक अंश. क्लॅम्प न सोडता, घाटात थांबून, बोटाने टायमिंग दोन अंश मागे. इतकी नेटकी सोय नव्यात नाही. क्लॅम्प ढिला करा, बॉडी फिरवा, आवळा. मला त्या चाकाची आठवण येते.

दुसरं: कॅप बॉशच्या पद्धतीची आहे, जुन्या एचटी वायरी तिच्यात बसत नाहीत. नवीन घ्याव्या लागतात, आणि त्या रेझिस्टन्सवाल्याच घ्या. नुसत्या तांब्याच्या वायरींचा विद्युत गोंगाट इलेक्ट्रॉनिक्सला मानवत नाही. हा खर्च आधी धरत नाही कोणी. याचा एक फायदाही झाला. पाचगणीच्या पावसाळी धुक्यात जुन्या कॅपच्या तड्यांतून करंट पळायचा, तो बंद झाला. पण हे श्रेय चिपचं नाही, नव्या कॅपचं आणि वायरींचं आहे.

तिसरं, आणि हेच मोठं: पॉइंटची गाडी रस्त्यात बंद पडली तर काडेपेटीच्या कागदाने साफ करून घरी आणता येते. ही बंद पडली तर बॉनेट उघडून बघण्यासारखंच काही नाही. माझी अजून पडलेली नाही. तरी जुना डिस्ट्रिब्युटर उद्यमनगरातून नवीन बुश घालून आणला, मिस्त्रींच्या जुन्या सामानातल्या एका अँबॅसिडरच्या डिस्ट्रिब्युटरमधली स्प्रिंगांची जोडी त्यात टाकली, आणि कॅप-वायरींसकट डिकीत ठेवला आहे. निगेटिव्ह अर्थवर पॉइंट बिनतक्रार चालतात. सोबत पॉइंटला लागणारा कंडेन्सर ठेवाल तर जुना, वापरात टिकलेला ठेवा. नव्या पाकिटातले मी एका दुकानातून घेतले होते, त्यांतला एक वाढे फाट्यापर्यंतही पोचला नाही.

कॉइल बदलायची गरज पडली नाही; जुन्या पद्धतीची तीन ओहमची चालते. आणखी एक सोय आवडली: चावी चालू राहिली आणि इंजिन बंद असलं, तर हा डिस्ट्रिब्युटर सेकंदाभरात कॉइलचा करंट आपणच तोडतो. पॉइंटच्या गाडीत पॉइंट मिटलेले राहिले, की कॉइल तापून जायची. ज्यांच्या घरी भाचरं गाडीत बसून स्टिअरिंग फिरवतात, त्यांना याची किंमत कळेल. आणि गाडीला वेल्डिंग करायचं असेल तर बॅटरी सोडवल्याशिवाय कोणालाही हात लावू देऊ नका.

विक्रेत्याबद्दल तक्रार नाही, माल व्यवस्थित बांधून आला. सीमाशुल्काचे कागद करताना मात्र 'मोटारीचा भाग' एवढं मोघम न लिहिता नीट वर्णन लिहून घ्या, नाहीतर फोनवर जन्म जातो. मागवताना तीन गोष्टी विक्रेत्याकडून लेखी घ्या: रोटर कोणत्या दिशेने फिरतो (आपला घड्याळाच्या उलट), व्हॅक्यूमची जोडणी आहे की नाही, आणि अर्थ कोणता.

गॅरेजला पैकीच्या पैकी. वस्तूला पाचात चार. एक तारा त्या चाकाचा कापला. मिस्त्रींचा हिशेब वेगळा आहे, तो त्यांच्याच परवानगीने देते: "बाई, वस्तू झ्याक हाय. पर बुश नि स्प्रिंगा बदलून जुन्यानं बी घाट चढला असता. पंचेचाळीस हजार तुम्ही हिरव्या दिव्याचं दिलं." जुना आता दुरुस्त होऊन डिकीत आहेच, तेव्हा एका रविवारी तो बसवून पसरणी चढायची असं ठरलंय. टायमिंग ते लावणार, गाडी मी चालवणार.